हनुवटीचा चौकोन

आमच्या ह्यांनी जन्मभर माणसांचे चेहरे रंगवले, पण समोर बसलेलं जिवंत माणूस कधी रंगवलं नाही. धंदाच तसा. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, आणि दारावर पाटी: 'फोटोवरून हुबेहूब ऑइल पेंटिंग करून मिळेल.' येणारा पाकिटातून फोटो काढणार, दोन्ही हातांनी टेबलावर ठेवणार, आणि फोटोतला माणूस हटकून गेलेला असणार. कुणाचे वडील, कुणाची थोरली बहीण. फोटो कधी ओळखपत्राचा, तर कधी सहलीच्या घोळक्यातला, मागच्या रांगेत अर्धा चेहरा दुसऱ्याच्या कानाआड गेलेला. उरलेला अर्धा हे अंदाजाने बरोबर जुळवत. खांद्याखाली मात्र सगळ्यांना एकच काळा कोट. ज्यांनी आयुष्यात कोटाला हात लावला नाही तेही आमच्या दुकानातून कोट घालूनच बाहेर पडले. आणि आजवर एकाचीही तक्रार आली नाही, कारण ज्याने करायची तोच जाग्यावर नसायचा.

ह्यांची पद्धत ठरलेली. फोटोवर पेन्सिलने बारीक चौकोन आखायचे, कॅनव्हासवर तेवढेच मोठे चौकोन आखायचे, आणि मग फोटो उलटा आणि कॅनव्हासही उलटा. उलटं केलं की नाक हे नाक राहत नाही, नुसता डाग होतो, आणि डाग उतरवताना हात कापत नाही, असं ह्यांचं म्हणणं. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि ओळीने एकेक चौकोन भरत जायचं, आधी सगळा चेहरा आणि कोट अगदी शेवटी. भरलेल्या चौकोनाकडे परत बघायचं नाही. कातडीचे रंगसुद्धा झाकणाच्या बरण्यांत आधीच कालवून ठेवलेले, बरण्यांवर चिकटपट्ट्या: गोरा, मधला, सावळा. देवाने जेवढे माणसांचे रंग केले ते ह्यांनी तीन बरण्यांत बसवले होते.

एवढ्या चित्रकाराच्या घरात माझं एकही चित्र नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कारणही साधं होतं, मी अजून गेले नव्हते. मला चित्राचं दुःख कधीच झालं नाही. दुःख व्हायचं ते ह्यांच्या न बघण्याचं. मी काही बोलले की भिंगावरून मान न उचलता हे "हं" म्हणत. सुखाला हं, भांडणाला हं, दूध उतू गेलं तरी हं. एकदा मी लांब केस कापून कानाच्या वर आणले. मुलीने फोनवर विचारलं, आईचे नवे केस कसे दिसतात हो बाबा, तेव्हा ह्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि छान म्हणून तिला सांगितलं. मला सांगितलं नाही.

ह्या वर्षाच्या सुरुवातीला माझं यकृत संपत आल्याचं निघालं. डॉक्टरीणबाई भली होती. तिने गोडगोड बोलून शेवटी काय ते सांगितलं, की औषधाने त्रास कमी होईल, पण दुखणं थांबणार नाही, आणि पुढचं वर्ष धरून चालू नका. परतताना वाटभर हे बुटाचा तळ सुटल्याबद्दल बोलत होते. कुठे शिवून घ्यावा, की नवाच घ्यावा. मी म्हटलं, नवाच घ्या, जुनं किती दिवस शिवणार.

मला माझ्या मरणाचा राग आला होता, हे खोटं कशाला सांगू. पण त्याहून मोठा राग एका गोष्टीचा होता. एवढा संसार झाला आणि ह्या माणसाने मला धड बघितलंच नाही, आणि आता मी जाणार. मग दुसऱ्याच दिवशी मुलगी येणार, पाकिटातून फोटो काढणार, आणि हे मला उलटी टांगून चौकोन चौकोन भरणार. तेव्हा ह्यांना मी दिसेन. त्याचा मला काय उपयोग? मला जिवंतपणी एकदा ह्यांच्या नजरेखालून जायचं होतं. बस, एवढं एकच.

"माझं चित्र काढा," मी म्हटलं.

"काढू की. चांगला फोटो शोध एखादा."

"फोटोवरून नाही. मला समोर बसवून."

हे गडबडले. म्हणाले, ते आपलं काम नाही, त्याला वेगळे लोक असतात. मग म्हणाले, "जिवंत माणूस हलतं गं."

"थोडे दिवस थांबलात तर हलणार नाही," मी म्हटलं.

ह्यांना हसू आलं नाही. हे उठून बाहेर गेले ते जेवायच्या वेळेला परतले, हातात लाकडाच्या पट्ट्या आणि काळ्या दोऱ्याचं रीळ. दोन दिवस ठोकाठोक चालली. मला वाटलं कॅनव्हास ताणतायत. बघते तर एक रिकामी चौकट, आणि तिच्यावर आडवे-उभे दोरे ओढून घातलेले चौकोन. ती स्टँडवर उभी केली. पलीकडे माझी खुर्ची, अलीकडे ह्यांची, आणि ह्यांच्या खुर्चीसमोर स्वतःची हनुवटी टेकवायला एक दांडी, म्हणजे डोळा जागचा हलायला नको. माझ्या खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर खडूच्या रेघा. मागे भिंतीला एक खिळा, डोक्याची जागा चुकू नये म्हणून. जिवंत बायको रंगवायची म्हणून ह्यांनी तिचा फोटो करून टाकला होता. मी विचारलं, आता उलटी टांगणार का? हे गंभीरपणे म्हणाले की तेवढं मात्र जमणार नाही, तुझं सुलटंच करावं लागेल.

तरी मी बसले. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस निदान शेळीकडे बघत तरी असतो. रोज दुपारी समोरच्या इमारतीच्या काचांवरून उजेड परतून आमच्या खोलीत यायचा, तेवढा वेळ आमचं काम चालायचं. हे दांडीवर हनुवटी टेकवून, एक डोळा मिटून दोऱ्यांतून बघत. एका डोळ्याने का होईना, बघत होते. केसांच्या चौकोनांपासून सुरुवात झाली. ओठांचा चौकोन येईपर्यंत मला बोलायची परवानगी होती, त्यामुळे मी बोलून घेतलं. आमच्या घरमालकापासून माझ्या सासूबाईंपर्यंत एकालाही सोडलं नाही. हे हं म्हणत, पण हं म्हणताना माझ्याकडे बघत, आणि ते हं मला चालत होतं.

कपाळ झालं, आणि कानाच्या चौकोनापाशी एक दिवस ह्यांचा हात थांबला. "अगं," हे म्हणाले, "तुझ्या कानामागे निळा आहे."

मला वाटलं मार लागला की काय. तर ते सावलीबद्दल बोलत होते. फोटोत तिथे नुसता काळोख असतो, म्हणाले. आणि मानेवर हिरवा आहे, थोडासा, खिडकीकडच्या बाजूला. हे दांडीवरून उठून दोऱ्यांच्या बाजूने डोकावून बघायला लागले. लहान मुलाला खिशात विसरलेलं नाणं सापडावं तसा चेहरा झाला होता. बरणी बाजूला सारून ह्यांनी निळ्या रंगाची ट्यूब पिळली, अख्खी दुपार त्या एका कानावर घातली. त्या संध्याकाळी मी आरशासमोर उभं राहून कान बघत बसले. मी सुखात होते. आजार पोटात तसाच होता आणि मी सुखात होते.

दुसऱ्या दिवशी बसायला गेले तर कानाचा चौकोन खरवडून, 'मधला' बरणीतल्या रंगाने गुळगुळीत भरलेला. मी का म्हणून विचारलं. हे म्हणाले, निळा कान कोण घरात लावील, लोक हसतील. मी म्हटलं, घर आपलं, कान माझा, लोक आले कुठून? ह्यांनी दांडीवर हनुवटी टेकवली आणि पुढचा चौकोन सुरू झाला.

डोळे झाले, नाक झालं. मध्ये माझं पोटात पाणी साठून दवाखान्यात राहणं झालं, ते काढल्यावर मी आणखीच हलकी होऊन घरी आले. अन्न वासानेच नको व्हायचं. गाऊनला कमरेशी दोरी बांधायला लागले. पण दुपार झाली की खडूच्या रेघांत खुर्ची आणि खुर्चीत मी. हे गालांपर्यंत आले आणि तिथे भानगड झाली.

कानाखालून उतरत आलेली जबड्याची रेघ आणि खालच्या ओळीतली रेघ ह्यांचा मेळ बसेना. चांगलं बोटभर अंतर पडायला लागलं. वरून भरल्या तोंडाची बाई उतरत यायची आणि खाली भलतीच कुणीतरी निमुळती सुरू व्हायची. ह्यांनी दोरे तपासले. खडूच्या रेघा तपासल्या. खुर्चीच्या एका पायाखाली कागदाची घडी घातली, मग काढली. भिंतीतला खिळा उपटून पुन्हा ठोकला. शेवटी खापर माझ्यावर, तू वाकून बसतेस. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. हे चिडून आत गेले.

रंगाचंही तेच. 'मधला' बरणी उघडावी, चौकोनात लावावा, तर शेजारच्या चौकोनाशी जुळायचा पण माझ्याशी जुळायचा नाही. ह्यांनी पिवळा घातला. दुसऱ्या दिवशी आणखी घातला. तेल खराब निघालं म्हणून दुकानदाराला फोनवरून चार गोष्टी सुनावल्या. दुकानदाराचं तेल चांगलं होतं. ह्यांचा हात इतका सच्चा की त्याला समोर जे दिसेल तेच तो काढणार. माझी कातडी रोज एक छटा पिवळी होत होती आणि हात ते इमानाने मांडत होता. खोटं बोलत होते ते फक्त हे, स्वतःशी.

मला केव्हाच कळलं होतं. मी सांगत नव्हते, कारण मला वाटत होतं, ह्यांनी स्वतः ओळखावं. एवढा डोळा मिटून बसलेला माणूस, कधीतरी दुसरा डोळा उघडेल. मग एका दुपारी हे बॅगेचा जुना पट्टा घेऊन आले. म्हणाले, तुझं डोकं खिळ्याला सैलसं बांधतो, त्रास होणार नाही, फक्त हनुवटीच्या ओळीपुरतं.

"अहो," मी म्हटलं, "चौकट नाही सरकली. मीच आटलेय."

हे पट्टा धरून उभे राहिले. चित्राकडे बघितलं, जमिनीवरच्या खडूकडे बघितलं. मग पट्ट्याची नीट गुंडाळी केली, टेबलाचा खण उघडला, पट्टा आत ठेवला आणि खण लावून घेतला. त्या दिवशी पुढे काम झालं नाही. बाहेर कुणीतरी फोटो घेऊन आलं होतं, त्याला हे नंतर या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसले आणि ह्यांनी ब्लेडने दोरे कापले. एकेक, सावकाश. चौकट भिंतीला लावली. दांडी काढून टाकली. स्टूल ओढून माझ्या इतक्या जवळ बसले की आमचे गुडघे एकमेकांना लागले. मांडीवर फळी, फळीवर कागद, हातात कोळशाची कांडी. बरण्या सगळ्या कपाटात. आणि ह्यांनी माझ्याकडे बघितलं, दोन्ही डोळ्यांनी.

काय सांगू. जे मागितलं ते मिळालं आणि मला ते सोसेना. माझा हात आपोआप गळ्याकडे गेला, कातडी लोंबत होती ती झाकायला. हे म्हणाले, राहू दे. मी हात खाली घेतला. ह्यांची नजर माझ्या डोळ्यांतल्या पिवळ्यावर आली आणि तिथेच राहिली. ह्यांनाही दाढीचे पांढरे खुंट होते, खालच्या पापणीला चामखीळ होती. ती कधी आली कोण जाणे, मीसुद्धा बघितली नव्हती. म्हणजे न बघण्यात आम्ही दोघं सारखेच होतो. हे मला त्या दिवशी कळलं, तोवर मी सगळा राग एकट्याच्या नावावर मांडून बसले होते.

ह्यांनी एक रेघ ओढली. कांडी कागदावर थरथरत होती, खरखर आवाज येत होता.

"मला तू दिसलीस की हात चालत नाही," हे म्हणाले.

"नाही चालला तर वाकडं काढा."

हे काढत राहिले. ओठ चावून, मध्येच डोळे पुसून. उजेड गेला तेव्हा त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. हुबेहूबची पाटी लावणाऱ्या माणसाने काढलंय असं शपथेवर सांगितलं असतं तरी कुणाला पटलं नसतं. एक डोळा वर, एक खाली, नाक शाळकरी पोराने काढल्यासारखं. पण हनुवटी माझी होती. बारकी, टोकदार, पुढे आलेली, हटून बसलेली. माझ्या आईची शेवटच्या दिवसांत अशीच झाली होती. मी आहे ती मी, आत्ताची, त्या कागदावर बसले होते आणि मला बघणारा माणूस माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसला होता.

"हे माणसाला दाखवण्यासारखं नाही," हे म्हणाले, आणि टेबलावरचं फडकं उचलून कागद पुसला. कोळशाचं काय, फडकं मारलं की गेलं. मी अहो म्हणेपर्यंत नुसता करडा धुरळा उरला होता. कुणाला दाखवायचं होतं, मी विचारलं. हे हात धुवायला निघून गेले. ते स्टूल नंतर कधी माझ्या खुर्चीजवळ आलं नाही. मीही ओढून आणलं नाही. दुसऱ्यांदा तसं बघायला सांगायचं धाडस मला झालं नाही.

मुलगी आली. बऱ्याच दिवसांनी आली होती, तिलाही नोकरी, पोरं. दारातून आधी तिला मी दिसले आणि मग स्टँडवरचं ते अर्धवट चित्र. वर थोराड कपाळ, गुबगुबीत गाल, खाली पिवळी पडत आत आत गेलेली बाई, आणि मध्ये बोटभर फट. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. नळ सोडला की ऐकू जात नाही असं तिला लहानपणापासून वाटतं. मग बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, हे असं नका ठेवू."

तिने मोबाइलमध्ये माझा एक फोटो शोधला, तिच्या नव्या घरातला, मी कशाला तरी हसतेय, तोंड भरलेलं. तो मोठा करून छापून आणला. हे खिडकीशी जाऊन फोटो बघत उभे राहिले. बऱ्याच दिवसांनी ह्यांचे खांदे खाली आलेले मी बघितले.

मी सांगितलं, जसं आहे तसं राहू द्या. "आपण समोरासमोर बसलो ते दिवस आहेत त्यात. ते पुसू नका." दोघांनी माझ्याकडे बघितलं, तापात बरळणाऱ्या माणसाकडे बघतात तसं. मुलगी म्हणाली, आई, आम्हाला तू चांगली आठवायला हवीस. तिचंही खोटं नव्हतं. आठवायचं तिला होतं, मला नव्हतं. 

सुंभ जळला, पीळ तसाच. दोरे स्वतःच्या हाताने कापलेल्या माणसाने त्याच संध्याकाळी पट्टी आणि टोकदार पेन्सिल काढली आणि फोटोवर चौकोन आखायला घेतले.

आता माझी कॉट पुढच्या खोलीत आणली आहे. एकटीने आत पडायला नको म्हणून. इथून मला ह्यांची पाठ दिसते. पाठीपलीकडे फोटो उलटा, कॅनव्हास उलटा. गालाचे पिवळे चौकोन खरवडून झाले, 'मधला' भरून झाला. उलटी असल्यामुळे मी हसतेय की काय करतेय, ते मला इथून कळत नाही. काल पाणी मागितलं तर हे मान न वळवता म्हणाले, "थांब जरा, हनुवटी चाललीय तुझी." मी थांबले. माझी हनुवटी तशी कुठे जाणार होती.

फोटो देऊन गेलेला एक माणूस आज सकाळी येऊन गेला. मान वाकडी करून माझं उलटं चित्र बघितलं आणि म्हणाला, अगदी जिवंत वाटतं हो. मग कॉटवर कुणीतरी आहे हे त्याच्या लक्षात आलं आणि तो आवाज खाली घेऊन बोलायला लागला.

हनुवटीचा चौकोन दुपारी संपला. हात मुळीच कापला नाही. ह्यांनी ब्रश धुतला, फडक्याला पुसला आणि काळ्या रंगाची ट्यूब पिळली. चित्र उलटं असलं की खांदे वर येतात. तिथून ह्यांनी भरायला सुरुवात केली. आधी कॉलर, मग एक बाही.

"अहो," मी म्हटलं, "मी कधी कोट घातला नाही."

"हं," हे म्हणाले.